जनावरांच्या डॉक्टरविरुद्ध तक्रार करायची असेल तर: नाशिककरांसाठी पहिल्यापासून

पशुवैद्यकांविरुद्धच्या तक्रारी बहुतेक वेळा खोट्या असतात म्हणून फसत नाहीत, चुकीच्या दारात जातात म्हणून फसतात. गाय दगावली, भरपाई हवी, म्हणून शेतकरी पोलीस ठाण्यात जातो; तिथे "हे आमच्याकडे येत नाही" असं ऐकून परततो. डॉक्टरची नोंदणीच रद्द व्हावी असं वाटणारा ग्राहक आयोगात जातो, आणि ते आयोगाच्या हातात नसतं. सरकारी दवाखान्याबद्दलचा अर्ज कुणीतरी गावातल्या पुढाऱ्याच्या हातात देतो आणि तो पुढे कुठे गेला हे कुणालाच सांगता येत नाही. असे दोन-चार हेलपाटे झाले की माणूस म्हणतो, जाऊ दे. तोवर औषधाच्या बाटल्या उकिरड्यावर गेलेल्या असतात आणि साक्षीदारांना तारीख आठवत नसते.

म्हणून हे लिहितोय. निफाड-दिंडोरीत चार गाई बांधून दुधावर घर चालवणाऱ्यासाठी आणि इंदिरानगर, गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये कुत्रं-मांजर पाळणाऱ्यासाठीही. जनावर कुठलंही असो, वाट बरीचशी एकच आहे.

पहिले दोन दिवस

तक्रार नंतर लिहिता येते, पुरावा नंतर मिळत नाही. राग कितीही आला असला तरी आधी ही कामं करा.

जनावर मेलं असेल आणि उपचारांमुळे मेलं असा संशय असेल, तर शवविच्छेदन करून घ्या. पुरून टाकल्यावर किंवा मेलेलं ढोर नेणाऱ्याच्या गाडीत गेल्यावर काही उरत नाही. उपचार करणारा डॉक्टर सोडून दुसऱ्याकडून ते व्हायला हवं, आणि शक्यतो सरकारी पशुवैद्यकाकडून, कारण त्या अहवालाला पुढे वजन असतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लेखी अर्ज द्या, "उपचारांदरम्यान मृत्यू झाला, मृत्यूचं कारण कळावं म्हणून शवविच्छेदन करावे" एवढंच लिहा. अर्जात आरोप नको. नाशिकच्या उन्हात शव लवकर खराब होतं, त्यामुळे सकाळी मेलेल्या जनावरासाठी संध्याकाळपर्यंत थांबू नका, सावलीत ठेवा. कुत्रं-मांजर असेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवा, पण डीप फ्रीजरमध्ये गोठवू नका. गोठल्यावर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी निरुपयोगी होते.

एक सक्त अपवाद. धडधाकट जनावर एकाएकी मेलं आणि नाकातोंडातून, शेणाच्या जागेतून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल तर शवाला कुणालाही हात लावू देऊ नका, कातडं काढू देऊ नका. तो फाशी रोग असू शकतो, तो माणसालाही होतो, आणि अशा शवाचं विच्छेदन करत नाहीत. लगेच सरकारी दवाखान्याला कळवा.

मग कागद. केसपेपर, औषधाची चिठ्ठी, मेडिकलचं बिल, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, सोनोग्राफी, लसीचं पुस्तक, सगळं एका पिशवीत. डॉक्टरनं गोठ्यात येऊन इंजेक्शन दिलं आणि काहीच लिहून दिलं नाही, असं आपल्याकडे सर्रास होतं. तेव्हा रिकाम्या बाटल्या, ॲम्प्युल, सलाईनची नळी जपून ठेवा. बाटलीवरचं नाव, बॅच नंबर, मुदतीची तारीख दिसेल असा फोटो काढा. फोनमधली कॉल हिस्टरी कालांतराने पुसली जाते, तिचा स्क्रीनशॉट आजच घ्या: डॉक्टरला किती वाजता फोन केला, उचलला की नाही. व्हॉट्सॲपवर जनावराचे फोटो पाठवले असतील तर ते संभाषण डिलीट करू नका. पैसे यूपीआयनं दिले असतील तर तो व्यवहार म्हणजे तुमची पावतीच आहे. रोख दिले असतील तर आजच मेसेज टाका: "डॉक्टर, काल गाईच्या उपचारांचे अमुक रुपये दिले, त्याची पावती द्यावी." उत्तर आलं नाही तरी तो मेसेज तारखेसह राहतो.

दवाखान्याकडे जे कागद आहेत त्यांच्या प्रती लेखी अर्ज करून मागा. शहरातल्या दवाखान्यांत ऑपरेशनआधी संमतीपत्रावर सही घेतात. घाईत आपण ते वाचत नाही. त्याची प्रत आवर्जून मागा. भूल द्यायची म्हणजे काय धोका हे त्यात सांगितलं होतं का, ते कळतं. एक लक्षात ठेवा, संमतीपत्रावर सही केली म्हणजे हलगर्जीलाही संमती दिली असं होत नाही.

कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर लिहून घ्या आणि बिल्ल्यासकट कानाचा, जनावराचा चारी बाजूंनी फोटो काढा. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि त्यांनी सांगेपर्यंत बिल्ला काढू नका. विम्याच्या दाव्यात आजाराची, वेळेची जी हकीकत लिहाल तीच तक्रारीतही असली पाहिजे. एकीकडे "आजाराने मेली" आणि दुसरीकडे "चुकीच्या इंजेक्शनने मेली" असं झालं की दोन्ही ठिकाणी तुमच्या शब्दाची किंमत जाते. कारण ठरलेलं नसेल तर दोन्हीकडे तसंच लिहा.

शेवटी, एका वहीत तारीख आणि वेळेसकट सगळं लिहून काढा. गाय केव्हा व्यायली, केव्हा बसली, डॉक्टर केव्हा आले, काय दिलं, त्यानंतर काय झालं, हजर कोण होतं. हे आजच लिहा. महिन्याभराने आठवणीत राग मिसळतो आणि वेळा पुढेमागे होतात.

चूक कशाला म्हणायचं

हा भाग मनाला जड जातो, पण तो टाळून पुढे गेलेली तक्रार पहिल्याच सुनावणीत लंगडी पडते. उपचार करूनही जनावर वाचलं नाही, एवढ्यावर डॉक्टर दोषी ठरत नाही. त्या शिक्षणाचा साधारण कसबाचा डॉक्टर त्या परिस्थितीत जे करेल ते याने केलं का, हा प्रश्न असतो. दुसऱ्या डॉक्टरनं वेगळं औषध दिलं असतं, हेही पुरेसं नाही. दोन औषधं दोन्ही बरोबर असू शकतात.

एक उदाहरण नीट पाहू. तिसऱ्या-चौथ्या वेताची जास्त दुधाची संकरित गाय व्यायल्यानंतर दोन-तीन दिवसांत बसते, मान पोटाकडे वळवते, कान गार पडतात. हा दुग्धज्वर. रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असतं, आणि शिरेतून कॅल्शियम दिलं की बहुतेक गाई बघता बघता उठतात. पण तेच कॅल्शियम शिरेतून भराभर सोडलं तर हृदयाचे ठोके बिघडून गाय जागेवर मरू शकते. म्हणून ते सावकाश सोडायचं असतं, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवायचं असतं, आणि गडबड वाटली तर थांबवायचं असतं. आता समजा सलाईन चालू असतानाच गाय गेली. तक्रारीत "चुकीचं इंजेक्शन देऊन गाय मारली" असं लिहिलं तर डॉक्टर सांगेल की दुग्धज्वराचा हाच उपचार आहे, आणि ते खरंच आहे. त्याऐवजी लिहायचं: बाटली किती मिनिटांत संपली, डॉक्टर गाईजवळ होते की सुई लावून दुसऱ्या गोठ्यात गेले, स्टेथोस्कोप लावला का, गाय थरथरू लागल्यावर सांगितलं तेव्हा नळी बंद केली का. चूक असलीच तर ती या उत्तरांत आहे. आणि गाय आदल्या दिवसापासून निपचित पडलेली असेल, तुम्ही उशिरा बोलावलं असेल, तर योग्य हाताने दिलेल्या कॅल्शियमनेही ती वाचली नसती, हेही तितकंच खरं आहे.

कुत्र्याच्या ऑपरेशनचंही असंच. भुलीत जीव जाणं दुर्मीळ असलं तरी होतं. पण आधी वजन केलं होतं का, उपाशी ठेवायला सांगितलं होतं का, जुना आजार विचारला का, भूल उतरेपर्यंत कुणी जवळ होतं की पिंजऱ्यात ठेवून शटर खाली ओढलं, हे प्रश्न विचारता येतात आणि विचारायलाच हवेत.

एरवी उघड चुकीच्या गोष्टी या: बोलावून, पैसे घेऊन अर्ध्यात उपचार सोडून देणं, मुदत संपलेलं औषध वापरणं, न तपासता किंवा न पाहता दाखला देणं, पोटात बोळा राहणं, मालकाला न विचारता शस्त्रक्रिया करणं, खोटं लसीकरण नोंदवणं. यांपैकी काही असेल तर तुमची बाजू भक्कम आहे.

शंका असेल तर दुसऱ्या पशुवैद्यकाचं मत घ्या, आणि जमलं तर लेखी घ्या. एकाच तालुक्यातले डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहायला कचरतात. शेजारच्या जिल्ह्यातल्या डॉक्टरला, किंवा मुंबईत परळच्या आणि साताऱ्यात शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या विभागाला कागद दाखवता येतात. त्यांना "डॉक्टर दोषी आहे का" असं विचारू नका. "ही लक्षणं आणि हे उपचार जुळतात का" असं विचारा, म्हणजे उत्तर मिळतं.

उपचार करणारा नक्की कोण होता

गावात सुई टोचणारा प्रत्येक जण "डॉक्टर"च असतो. कायद्यात मात्र तसं नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० प्रमाणे जनावरांवर औषधोपचार आणि शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे, म्हणजे बी.व्ही.एस्सी. ही पदवी घेऊन महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेत नाव नोंदवलेल्याला. पशुधन पर्यवेक्षकाची पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना राज्य सरकारच्या आदेशाने किरकोळ सेवा देता येतात: लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी, प्राथमिक उपचार. तेही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. शिरेतून सलाईन, पोट फाडून वासरू काढणं, ही त्यांची कामं नव्हेत.

म्हणून तक्रारीआधी डॉक्टरचं पूर्ण नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक मिळवा. चिठ्ठीवर किंवा दवाखान्यातल्या प्रमाणपत्रावर तो असतो. नसेल तर सरळ विचारा, किंवा परिषदेकडे नावानिशी चौकशी करा.

तो नोंदणीकृत नाहीच असं निघालं, तर रस्ता बदलतो. परिषद ज्यांची नोंदणी आहे त्यांच्यावर कारवाई करते. बोगस डॉक्टरचं नाव तिच्या नोंदवहीत नाहीच, तर काढणार काय? अशा वेळी जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांकडे आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, प्रत परिषदेला. स्वतःला डॉक्टर म्हणवून पैसे घेतले असतील तर फसवणूकही होते, ते अर्जात स्पष्ट लिहा. सुरगाणा-पेठसारख्या भागात रात्रीबेरात्री दुसरं कुणी येत नाही म्हणून लोक अशांना बोलावतात, हे मला पूर्ण समजतं. तुम्ही बोलावलंत यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तक्रार करायला त्यामुळे कचरू नका.

आता ठरवा: तुम्हाला हवंय काय?

डॉक्टरला समज मिळावी, त्याच्या नोंदणीवर कारवाई व्हावी, असं वाटत असेल तर नागपूरची राज्य परिषद. पैसे परत किंवा भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. सरकारी डॉक्टर कामावर नसणं, यायला नकार देणं, नीट न वागणं यासाठी त्याचं खातं. जाणूनबुजून क्रूरपणा, फसवणूक, लाच यासाठी पोलीस किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. एकाच घटनेसाठी दोन दारं ठोठावता येतात, परिषद आणि आयोग दोन्हीकडे जाता येतं, पण प्रत्येक ठिकाणी त्यांच्या हातात आहे तेवढंच मागा.

त्याआधी एकदा डॉक्टरशी बोलून पाहा, असं मी सुचवेन. भांडायला नको, विचारायला जा. सोबत एक शांत माणूस न्या. कित्येकदा डॉक्टरनं काय केलं हे मालकाला सांगितलेलंच नसतं आणि सगळा गैरसमज तिथेच असतो. कधी डॉक्टर चूक मान्य करून बिल सोडतो. काही ठरलं तर मेसेजवर लेखी घ्या.

राज्य परिषद, नागपूर

महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचं कार्यालय नागपूरला आहे. पशुवैद्यकांनी कसं वागावं याची आचारसंहिता १९९२ च्या विनियमांत आहे, आणि व्यवसायात गैरवर्तन केल्याचं सिद्ध झालं तर नोंदवहीतून नाव काढण्यापर्यंत परिषदेचा अधिकार आहे. भरपाई देण्याचा नाही. हे आधीच मनाशी पक्कं करा, नाहीतर वर्षभराने निराशा येते.

सरकारी डॉक्टर असो की खासगी, नोंदणी दोघांनाही लागते. त्यामुळे परिषदेचं दार दोघांसाठी उघडं आहे.

अर्ज मराठीत चालतो. दोन पानांपेक्षा लांबवू नका. साधारण असा:

प्रति, मा. निबंधक, महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद, नागपूर.
विषय: डॉ. ………, नोंदणी क्र. ………, रा. ………, ता. ………, जि. नाशिक यांच्या व्यावसायिक वर्तनाबाबत तक्रार.
महोदय, मी ……… येथे राहतो/राहते. माझी ……… जातीची, ……… वर्षांची गाय (बिल्ला क्र. ………) दि. ……… रोजी व्यायली. दि. ……… रोजी सकाळी ……… वाजता ती बसून राहिल्याने मी वरील डॉक्टरांना फोन केला. ते ……… वाजता आले. त्यांनी ……… हे औषध शिरेतून दिले. औषध चालू असताना ते ……… मिनिटे गोठ्यात नव्हते. गाय थरथरू लागल्याचे आम्ही फोनवर कळवले. गाय ……… वाजता मृत झाली. त्या वेळी ……… हे हजर होते. दि. ……… रोजी सरकारी दवाखान्यात शवविच्छेदन झाले. अहवाल सोबत जोडला आहे.
माझी तक्रार अशी की (१) शिरेतून औषध चालू असताना जनावर देखरेखीविना सोडले. (२) मागूनही उपचारांची लेखी नोंद दिली नाही.
तरी चौकशी होऊन योग्य ती कारवाई व्हावी व निर्णय मला लेखी कळवावा, ही विनंती.

खाली जोडलेल्या कागदांची क्रमांकासह यादी, सही, पत्ता, फोन. "नराधम", "खुनी" असे शब्द कितीही ओठांवर आले तरी कागदावर येऊ देऊ नका. वाचणारे स्वतः पशुवैद्यक असतात. त्यांना वेळ, औषध, मात्रा आणि लक्षणं यांतून सगळं दिसतं. सोबत साधं प्रतिज्ञापत्र जोडलंत तर तक्रार निनावी किंवा उगाच केलेली नाही हे दिसतं. मूळ कागद पाठवू नका, झेरॉक्सच पाठवा. पोस्टातून स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा आणि ती पावती तक्रारीच्या प्रतीला टाचून ठेवा. पुढे परिषद डॉक्टरकडून खुलासा मागवते, दोघांना ऐकते. नागपूरला जावं लागण्याची तयारी ठेवा. महिना-दोन महिन्यांनी अर्जाची तारीख देऊन स्मरणपत्र टाका.

डॉक्टर सरकारी असेल तर

नाशिक जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांत पशुसंवर्धन खात्याचे दवाखाने आहेत. श्रेणी एकच्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी, म्हणजे पदवीधर डॉक्टर असतो. श्रेणी दोनमध्ये सहाय्यक पशुधन विकास अधिकारी किंवा पर्यवेक्षक. पाटीवर श्रेणी लिहिलेली असते, ती आधी पाहा, म्हणजे ज्याची अपेक्षा तुम्ही करता ते काम त्याच्या अधिकारात होतं का ते कळेल.

पहिला अर्ज पंचायत समितीतल्या तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा परिषदेचे जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी. जिल्हा सर्वचिकित्सालय किंवा तालुक्याचं लघु सर्वचिकित्सालय असेल तर जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त. त्यांच्याही वर नाशिक विभागाचे प्रादेशिक अधिकारी आणि पुण्याला औंधचं आयुक्तालय. खात्याची फेररचना होते तेव्हा पदनामं बदलतात, म्हणून अर्ज देण्याआधी आवक-जावकच्या टेबलावर सध्याचं पदनाम विचारून घ्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून निघू नका. "ठेवून जा, साहेब आले की देतो" याला पोच म्हणत नाहीत.

इथे एक न्यायाची गोष्ट सांगायलाच हवी. आदिवासी पट्ट्यात एका डॉक्टरकडे दोन-दोन दवाखान्यांचा कार्यभार असतो. डॉक्टर आला नाही म्हणून तक्रार करताना त्या दिवशी तो दुसऱ्या गावी लसीकरणाला गेला होता का, हे विचारा. तसं असेल तर तक्रार माणसाविरुद्ध नाही, रिक्त पदाविरुद्ध आहे. अर्ज तसा लिहा, आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. रिक्त जागा भरण्यासाठी गावाने मिळून दिलेला अर्ज एकट्याच्या तक्रारीपेक्षा पुष्कळ पुढे जातो.

कागद मिळत नसतील तर माहितीचा अधिकार वापरा. सरकारी दवाखान्याचा हजेरीपट, उपचार नोंदवही, औषधसाठा नोंदवही, फिरत्या पथकाची त्या दिवशीची फेरी, हे सगळं मागता येतं. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर तीस दिवसांत, नाही आलं तर पहिलं अपील. अर्जात "का" विचारू नका, "कोणत्या नोंदवहीची कोणत्या तारखेची प्रत" एवढंच मागा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीच्या १९६२ या नंबरवर फोन केला होता आणि पथक आलं नाही, अशी तक्रार असेल तर फोन केल्याची तारीख, वेळ लिहून ठेवलेली असणं फार उपयोगी पडतं.

आपले सरकार पोर्टलवर ऑनलाइन तक्रार टाकता येते. लोकशाही दिनाचाही उपयोग करा: तालुक्याला तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याला पहिल्या सोमवारी, जुन्या सीबीएसजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. त्यासाठी विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि तालुक्याला दाद मागून झाल्यावरच जिल्ह्याला घेतात. सोमवारी सकाळी नुसतं रांगेत उभं राहून चालत नाही.

सरकारी सेवेसाठी कुणी वर पैसे मागितले तर देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. पैसे देऊन झाल्यावर सिद्ध करणं अवघड जातं.

भटक्या कुत्र्यांची नसबंदी महापालिकेच्या देखरेखीखाली होते. शस्त्रक्रियेनंतर टाके उसवलेलं, पू झालेलं कुत्रं गल्लीत दिसलं तर कानाच्या खाचेचा (नसबंदी झाल्याची खूण) आणि जखमेचा फोटो काढून शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनातल्या पशुसंवर्धन विभागाकडे द्या. पकडलेल्या कुत्र्याला शस्त्रक्रियेनंतर मूळ जागीच सोडायचं असतं, हा २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा भाग आहे. तसं झालं नसेल तर तेही लिहा.

भरपाईसाठी ग्राहक आयोग

खासगी डॉक्टरला पैसे देऊन सेवा घेतली म्हणजे तुम्ही ग्राहक आहात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे नाशिकच्या जिल्हा आयोगात जाता येतं, आणि तुम्ही नाशिकमध्ये राहत असाल तर डॉक्टर पुण्या-मुंबईचा असला तरी तक्रार इथेच दाखल होते. मुदत घटनेपासून दोन वर्षं. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पशुवैद्यकाच्या बिलात ही मर्यादा ओलांडली जाणं कठीणच. वकील सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही दाखल करता येते, आणि आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

सरकारी दवाखान्यातली सेवा सगळ्यांसाठी मोफत असते, केसपेपरचे किरकोळ पैसे म्हणजे मोबदला नव्हे. त्यामुळे तिथल्या उपचारांबद्दल आयोगात सहसा जाता येत नाही.

शेतकऱ्यांना एक आडकाठी घातली जाते: "गाय दुधाच्या धंद्यासाठी होती, म्हणजे व्यावसायिक हेतू, म्हणून तुम्ही ग्राहक नाही." कायद्यातच त्याचं उत्तर आहे. स्वतःच्या कष्टाने, केवळ पोटापाण्यासाठी केलेला उद्योग व्यावसायिक हेतूत मोडत नाही. तक्रारीतच लिहा की गोठ्यात किती जनावरं आहेत, काम घरचीच माणसं करतात, आणि घर त्यावर चालतं. डेअरीच्या दूध पावत्या जोडा. त्यांतून गाय किती दूध देत होती तेही सिद्ध होतं.

भरपाईचा आकडा हिशोबाने काढा. गाय विकत घेतल्याची पावती किंवा त्याच काळातली बाजारातली किंमत, उपचाराचा खर्च, बुडालेलं दूध, मानसिक त्रास, तक्रारीचा खर्च. तोंडाला येईल तो आकडा लिहिला तर खऱ्या नुकसानावरचाही विश्वास उडतो. पाळीव कुत्र्याची किंमत बाजारात मोजता येत नाही हे मला ठाऊक आहे. तरी त्याच्यासाठी मागितलेली रक्कम मानसिक त्रासाच्या सदरात, मोजक्या शब्दांत मांडा.

दाखल करण्याआधी डॉक्टरला लेखी नोटीस द्या आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. सक्तीची नाही, पण बरीच प्रकरणं नोटिशीवरच मिटतात, आणि न मिटल्यास तुम्ही आधी समजुतीने विचारलं होतं हे आयोगासमोर राहतं. पुढे आयोग डॉक्टरला म्हणणं मांडायला तीस दिवस देतो, फार तर पंधरा वाढवतो. मध्यस्थीने मिटवायचं का असंही विचारतात. रक्कम बरी असेल तर हरकत नाही.

पोलीस कधी

उपचार चुकून जनावर मेलं, यावर बहुधा गुन्हा उभा राहत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू हा गुन्हा माणसाच्या मृत्यूसाठी आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ जनावर मारणं, लुळं करणं यासाठी आहे, पण त्यात नुकसान करण्याचा हेतू किंवा नुकसान होईल याची जाणीव दाखवावी लागते. जनावराला मारहाण, उपाशी ठेवणं, विनाकारण यातना असं काही दवाखान्यात झालं असेल तर १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा लागू होतो. विषबाधेचा संशय असेल तर मात्र पोलिसांकडेच जा, आणि शवविच्छेदनात व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठीचे अवयवांचे नमुने, राखून ठेवायला सांगा.

दवाखान्यात जमाव नेऊ नका. सरकारी डॉक्टरच्या अंगावर कुणी हात टाकला तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो आणि मूळ तक्रार बाजूला पडते. सोसायटीच्या किंवा दूध संघाच्या ग्रुपवर नाव घेऊन "याने गाय मारली" असं लिहू नका. अब्रुनुकसानीच्या नोटिशीला उत्तर देण्यात तुमचेच पैसे जातील. गावात एकच डॉक्टर असेल तर उद्या त्याच्याकडेच जावं लागेल ही भीती खरी असते. म्हणून तक्रार दिली की लगेच दुसऱ्या गावच्या डॉक्टरचा नंबर मिळवून ठेवा, गाभण जनावर असेल तर आधीच बोलून ठेवा.

निकाल लागल्यावर

जिल्हा आयोगाचा आदेश पटला नाही तर पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं. दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे प्रत मिळायला उशीर होत असेल तर लगेच अर्ज करून मागा. आदेश तुमच्या बाजूने लागला आणि डॉक्टर पैसे देत नसेल तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करायचा. खात्यातल्या चौकशीचा निकाल कुणी आपणहून कळवत नाही. अर्जाच्या आवक क्रमांकाचा हवाला देऊन माहितीच्या अधिकारात चौकशी अहवालाची प्रत मागा. परिषदेचंही तसंच: जावक क्रमांकाचं पत्र हातात येईपर्यंत प्रकरण चालू आहे असं समजून दर दोन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवत राहा, आणि प्रत्येक पत्रावर पहिल्या अर्जाची तारीख लिहा.